ड्रायव्हर आत येतोय

नळकाकांच्या हातातला पाना निसटला आणि थेट त्यांच्या पायाच्या अंगठ्यावर आदळला. एरवी त्यांनी आकाशपाताळ एक केलं असतं, आठवडाभर लंगडले असते आणि भेटेल त्याला अंगठा दाखवला असता. पण आज त्यांना पाना पडल्याचंही कळलं नाही.

"काय म्हणालास? पुन्हा म्हण."

"एकदा म्हटलं ते पुरे आहे," ड्रायव्हर म्हणाला. तो दुकानाच्या दारातच उभा होता, हातात व्हॅनची किल्ली, नजर भिंतीवरच्या पाइपांच्या तुकड्यांवर. "या रविवारी. मी पाण्यात उतरतो. तुमच्या त्या टाकीत."

नळकाका उठले, बसले आणि पुन्हा उठले. त्यांना रडायचं होतं की नाचायचं होतं, हे त्यांचं त्यांनाच ठरवता येईना. शेवटी त्यांनी ड्रायव्हरचा हात धरून पंपाच्या दांड्यासारखा वरखाली हलवायला सुरुवात केली.

"अरे सोड, खांदा निखळेल! आणि हे बघ नळोबा, माझी एक अट आहे."

अट ऐकण्याआधी हे दोघे कोण ते सांगायला हवं.

नळकाका म्हणजे प्लंबर. गावातल्या अर्ध्याअधिक घरांचं पाणी त्यांच्या हाताखालून वाहिलेलं, आणि चर्चमधली बाप्तिस्म्याची टाकी तर सर्वस्वी त्यांचीच. ही टाकी व्यासपीठाच्या फळ्यांखाली होती. कुणी चर्चच्या मंडळीत दाखल होणार, म्हणजे त्याचा बाप्तिस्मा असला, की फळ्या उचलायच्या, टाकी भरायची, आणि ज्याचा बाप्तिस्मा तो आणि चर्चचे धर्मगुरू पाळकसाहेब असे दोघेही पायऱ्या उतरून कमरेएवढ्या पाण्यात उभे राहायचे. टाकी भरण्याचं काम नळकाकांशिवाय कुणी करायचं नाही, असा अलिखित नियम होता. लिहिला नव्हता, कारण नळकाका एकदा नुसते बघायचे आणि समोरच्याच्या हातातून पाइप गळून पडायचा.

ड्रायव्हर शाळेची व्हॅन चालवायचा. त्याची बायको मंडळीतली. दर रविवारी तो तिला फाटकापाशी सोडायचा आणि व्हॅन चर्चच्या भिंतीला लावून, तिसऱ्या बाकाजवळच्या खिडकीखाली, आतच बसून राहायचा. स्टीअरिंगवर वर्तमानपत्र, शेजारी घरून आणलेला चहाचा थर्मास. बायको तिसऱ्या बाकावर बसायची आणि बसण्याआधी ती खिडकी उघडायची. कितीही थंडी असो, उघडायचीच. मग ती वारली. त्यानंतरच्या रविवारी सगळ्यांना वाटलं, आता काही ती व्हॅन दिसायची नाही. उपासना सुरू व्हायच्या वेळेला व्हॅन आली. फाटकापाशी थांबली, कुणीही उतरलं नाही, आणि नेहमीच्या जागी जाऊन उभी राहिली.

पाळकसाहेब बाहेर जाऊन "आत या ना" म्हणाले. त्याने हात जोडले. "मी इथेच बरा आहे, साहेब." त्यांच्या पत्नी पाळकबाई यांनी चहा पाठवला, तो तसाच परत आला. मग नळकाकांनी आपली युक्ती काढली. उपदेश रंगात आला की ते "पंप बघून येतो" असं कुजबुजत बाहेर पडायचे आणि व्हॅनच्या पुढच्या सीटवर जाऊन बसायचे. रविवारी पंप बंदच असतो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, पण कुणी कधी अवाक्षर काढलं नाही. खिडकीतून आतला उपदेश ऐकू यायचा, थर्मासमधून चहा निघायचा, आणि दोघांची मैत्री अशी जमली की बघणाऱ्याला वाटावं, एकाच पाळण्यात वाढलेत.

पण ड्रायव्हरचं एक होतं. तो कुणाचं काही घ्यायचा नाही. घेतलं की फेडायचं, आणि फेडायचं ते त्याच दिवशी. बायको गेली तेव्हा मंडळीने घरी जेवणाचे डबे पोचवले. प्रत्येक डबा संध्याकाळच्या आत लखलखीत होऊन परत आला, आणि डब्याबरोबर स्वतः ड्रायव्हरही. टेलरमामांच्या दुकानाचं कुरकुरणारं शटर त्याने सरळ केलं. सिस्टरबाईंचं, म्हणजे आपल्या निवृत्त नर्सबाईंचं, फाटक रंगवून दिलं. पाळकबाई म्हणाल्या होत्या, "या माणसाला प्रेमाने काही द्यायचं म्हणजे चोरी झाली. लगेच मुद्देमाल घेऊन दारात हजर!"

आता त्या दुकानातल्या अटीकडे येऊ.

"माझ्यासाठी कुणी काही खास करायचं नाही," ड्रायव्हर म्हणाला. "हार नको, भाषण नको, धावपळ नको. जसं आहे तसं पाणी, आणि मी. कुणी काही केलेलं दिसलं तर मी तिथूनच गाडी फिरवीन. मग परत माझं नाव काढायचं नाही. आधीच सांगून ठेवतो."

"नाही करणार रे कुणी. पण हे झालं कसं?"

ड्रायव्हरने किल्ली एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "गेल्या रविवारी गाडी चालूच होईना. म्हटलं, बरं झालं, आज घरीच पडतो. आणि बघतो तर काय, मी रस्त्यावर! पाय आपले चालत सुटले. इथे खिडकीखाली येऊन उभा राहिलो. गाडी नाही, थर्मास नाही, काही नाही. इतकी वर्षं मनाला सांगत होतो की मी बायकोला सोडायला येतो. ती गेली, तर म्हटलं, गाडीला सवय लागलीय. आता गाडीही नव्हती. मग मी कुणाला आणत होतो, सांग? मलाच ना?"

नळकाकांनी नाक शिंकरून वेळ मारून नेली.

"आतून दर रविवारी एकच ऐकतो, फुकट आहे, या," ड्रायव्हर पुढे म्हणाला. "फुकटचं मला पचत नाही, नळोबा. पण खोटं बोलणंही पचत नाही. म्हणून येतो." जाता जाता तो दारात थांबला. "पाळकसाहेबही उतरतात का रे पाण्यात? त्या गुडघ्यांनी?"

"उतरतात की. कुडकुडत उतरतात. हीटर बंद पडून जमाना झाला."

"हं," ड्रायव्हर म्हणाला आणि गेला.

नळकाकांनी घरी जाऊन ही गोष्ट फक्त बायकोला सांगितली, तीही कुणाला न सांगण्याच्या बोलीवर. काकूंनी फक्त पाळकबाईंना सांगितली, त्याच बोलीवर. संध्याकाळपर्यंत बातमीला असे पाय फुटले की टेलरमामांनी दुकान अर्ध्यात बंद करून नळकाकांचं घर गाठलं आणि दारातूनच विचारलं, "खरं का हो? ड्रायव्हर आत येतोय?" खरं म्हटल्यावर मामांनी त्यांना मिठी मारली. गळ्यातली मोजपट्टी दोघांच्या मध्ये अडकली आणि सुटता सुटेना.

"पण अट लक्षात ठेवा," नळकाकांनी बजावलं. "काहीही खास नाही. नाहीतर तो गेला म्हणून समजा."

"छे छे! कोण करतंय?" मामा म्हणाले, आणि इतक्या निरागसपणे म्हणाले की तिथेच शंका यायला हवी होती.

या मंडळीला एक खोड होती. पाळकसाहेबांनी फार पूर्वी शिकवलं होतं की भलं करावं ते या हाताचं त्या हाताला कळू न देता. शिकवण सोन्यासारखी, पण या लोकांनी ती भलतीच मनावर घेतली. कुणी कुणाला विचारायचं नाही, सांगायचं नाही, गुपचूप करून मोकळं व्हायचं. सिस्टरबाईंचा पाय मुरगळला तेव्हा त्यांच्या दारात इतक्या जणांनी चोरून दूध ठेवलं की गल्लीतल्या मांजरांची चंगळ झाली. पाळकसाहेबांचा छत्रीचा दांडा मोडला तर त्यांच्या घरी छत्र्यांचं दुकान लागलं. तरी कुणी सुधारलं नाही.

शनिवारी सकाळी नळकाकांनी टाकी घासून भरायला लावली. पाण्यात हात घातला तर कळ थेट कोपरापर्यंत गेली. दिवस थंडीचे, पाणी बर्फासारखं. ड्रायव्हर यात उतरणार, आणि पहिल्याच पायरीवर "हुडहुड" करून माघारी फिरला तर? नळकाकांनी इकडेतिकडे पाहिलं. मग मागच्या पंपाच्या खोलीत जाऊन त्यांनी तो जुनाट हीटर उघडला, जळलेली तार बदलली, गंज खरवडला, आणि बटण अगदी बारीकवर लावलं. हीटर कधीतरी दुरुस्त करायचाच होता, त्यांनी स्वतःची समजूत घातली. याला काही खास म्हणत नाहीत. खोलीला कुलूप लावून चावी नेहमीप्रमाणे कुंडीखाली ठेवली. चावी कुंडीखाली असते ही गोष्ट अत्यंत गुप्त होती आणि सगळ्यांना माहीत होती.

रविवारी पहाटेच नळकाका उठून बसले. शर्टाची बटणं वरखाली लागली, ती काकूंनी पुन्हा लावून दिली. "लग्नाच्या दिवशीसुद्धा एवढे फुलला नव्हतात," काकू म्हणाल्या, पण त्यांचीही स्वारी आरशासमोरून हलायला तयार नव्हती.

चर्चमध्ये पोचले तर अर्धी मंडळी आधीच हजर. नेहमी उशिरा येणारे पुढच्या बाकांवर! सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकच हसू, दुधाच्या भांड्यात तोंड घातलेल्या मांजरासारखं. व्यासपीठाच्या फळ्यांवर कुणीतरी घोंगड्या पसरल्या होत्या. शोभेसाठी असतील, असं म्हणून नळकाकांनी सोडून दिलं. त्यांचं लक्ष सारखं रस्त्याकडे होतं. तिसऱ्या बाकाजवळची खिडकी नेहमीसारखी उघडी होती आणि गार वारा सरळ आत घुसत होता.

व्हॅनचा आवाज आला, आणि गाणं म्हणणाऱ्यांचा सूर एकदम वर चढला.

व्हॅन फाटकापाशी थांबली, मग नेहमीच्या जागी खिडकीखाली जाऊन उभी राहिली. या वेळी दार उघडलं आणि ड्रायव्हर उतरला. पांढरा शर्ट, पांढरी पँट, दोन्हींना कडक इस्त्री, केस पाणी लावून बसवलेले. टेलरमामांनी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं की तो आत आला की कुणी टक लावून बघायचं नाही. त्यामुळे ड्रायव्हरने उंबरा ओलांडला तेव्हा अख्खी मंडळी छताकडे बघत होती. एवढ्या माना एकदम वर गेलेल्या पाहून बिचाऱ्याने स्वतःही वर पाहिलं, काही पडतंय की काय म्हणून. नळकाकांना हसू आवरेना आणि डोळ्यांतलं पाणीही आवरेना.

तो दारापाशीच, शेवटच्या बाकाच्या कडेवर टेकला. गीतं झाली, प्रार्थना झाली. पाळकसाहेब उठले, पांढरा झगा सावरला आणि मान हलवून त्यांनी खूण केली. नळकाका आणि टेलरमामा पुढे झाले, घोंगड्या बाजूला केल्या आणि पहिली फळी उचलली.

वाफेचा लोट उठला.

दुसरी फळी उचलली तर पाळकसाहेब दिसेनासे झाले. मंडळीत खसखस, मग कुजबुज. वाफेतून पाळकसाहेबांचा हात टाकीकडे जाताना दिसला आणि पाठोपाठ आवाज आला, "आई गं!" व्यासपीठावरून असा उद्गार त्या भिंतींनी कधी ऐकला नव्हता.

"नळकाका," पाळकसाहेब बोटं झटकत म्हणाले, "आपल्याला बाप्तिस्मा द्यायचाय. अंडी नाही उकडायची."

आपण तर बारीकवर लावलं होतं! नळकाकांनी वळून शेवटच्या बाकाकडे पाहिलं. बाक रिकामा. दार सताड उघडं. आणि बाहेर व्हॅन चालू झाल्याचा आवाज.

त्या वयाचा माणूस तसा धावत नसतो. पण नळकाका धावले, दोन पायऱ्या चुकवून उतरले, चालू झालेल्या व्हॅनचं दार खेचून पुढच्या सीटवर कोसळले आणि दोन्ही हातांनी स्टीअरिंग धरलं.

"मी केलं! मी एकट्याने केलं! हीटर मी दुरुस्त केला, तुझी अट मोडली, मला काय बोलायचं ते बोल, दोन ठेवून दे, पण जाऊ नको रे! पाया पडतो, जाऊ नको!"

ड्रायव्हर त्यांच्याकडे बघतच राहिला. त्याचा चेहरा शेंदरासारखा लाल झाला होता.

"तू केलंस?" तो म्हणाला. "अरे, मी केलंय ते."

"काय?"

"काल दिवेलागणीला आलो होतो. कुंडीखालून चावी काढली." त्याला नळकाकांच्या नजरेला नजर देता येईना. "तू इतके दिवस त्या खोलीचं वर्णन करतोस, मला डोळे मिटूनसुद्धा सापडली असती. म्हटलं होतं, तो हीटर उघडून बघू. बघतो तर दिवा लागलेला. मग बटण फिरवलं."

"किती?"

"शेवटपर्यंत. अर्धवट काम मला जमत नाही."

"अरे, पण कशासाठी?"

"म्हणजे काय, कशासाठी! त्या माणसाने दुखऱ्या गुडघ्यांनी माझ्यापायी गार पाण्यात उभं राहायचं, आणि मी ते फुकट अंगावर घ्यायचं? आता बघ, सगळ्या पाण्याचा सत्यानाश केला. तोंड दाखवायला जागा राहिली नाही. बर्फाच्या कारखान्यात चाललोय. लाद्या आणतो. माझी चूक मी निस्तरतो."

"आणि परत येशील?"

ड्रायव्हर गिअरच्या दांड्याकडे बघत राहिला, आणि नळकाकांना कळून चुकलं की व्हॅन एकदा का कोपऱ्यावरून वळली की हा रविवार पुन्हा यायचा नाही.

तेवढ्यात त्याच्या बाजूच्या काचेवर टकटक झाली. पाळकबाई धापा टाकत उभ्या होत्या.

"ड्रायव्हरसाहेब, रागावू नका," त्या म्हणाल्या. "मीच ते. काल दुपारी हीटर चालू दिसला, पण अगदीच कंजूषपणे लावलेला. मी थोडासा वाढवला."

"तुम्ही कसल्या वाढवताय, मी वाढवला!" मागून टेलरमामा ओरडले.

"मी गेले तेव्हा बटण पुढे सरकायलाच तयार नव्हतं," सिस्टरबाई म्हणाल्या. "म्हणून मी घोंगड्या घातल्या. ऊब उडून जाऊ नये म्हणून."

ड्रायव्हर एकेकाच्या तोंडाकडे बघत होता. इतक्यात डोक्यावरच्या उघड्या खिडकीतून पांढऱ्या झग्यातले पाळकसाहेब अर्धे बाहेर वाकले. "आता सगळे सांगताहेतच तर," ते म्हणाले, "थोडंसं मीही."

आधी नळकाका फुटले. मग मामा, मग पाळकबाई. सिस्टरबाई तर व्हॅनच्या बॉनेटवर डोकं टेकवून हसायला लागल्या. ड्रायव्हर ओठ घट्ट मिटून बसला होता, पण त्याचे खांदे हलायला लागले आणि अखेर तोही असा हसला की कोपर हॉर्नवर पडून हॉर्न कोकलत राहिला.

"गाढवा," नळकाका डोळे पुसत म्हणाले, "तुला अजून कळत नाही का? एवढी घोडचूक बाहेरचा माणूस करूच शकत नाही! चोरून चावी काढायची, कुणाला सांगायचं नाही आणि दुसऱ्याच्या भल्यासाठी पाण्याची वाट लावायची. ही आमची खोड आहे. तू कधीचा आमच्यातला झालायस, अन् इथे दारात बसून चहा पितोयस! बंद कर ती गाडी."

ड्रायव्हरने क्षणभर किल्लीवर हात ठेवला. मग व्हॅन बंद केली.

पुढे जी धमाल उडाली ती त्या चर्चने कधी पाहिली नव्हती. नळकाकांनी खालची तोटी उघडून अर्धं पाणी सोडून दिलं. पण भरायच्या नळाला धार केवढी, करंगळीएवढी! त्यावर अवलंबून राहिलं असतं तर बाप्तिस्मा सोमवारी झाला असता. मग अंगणातल्या हौदापासून व्यासपीठापर्यंत माणसांची रांग लागली. घरोघरच्या बादल्या आल्या, फुलदाण्या रिकाम्या झाल्या. ठेवणीतले कपडे घातलेली मंडळी बाह्या सरसावून बादल्या पुढे देत होती, पाणी सांडत होतं, पाय घसरत होते, आणि कुणीतरी एक गीत सुरू केलं तर त्याच्या तालावर बादल्या झपाझप सरकायला लागल्या. पाळकसाहेब झगा खोचून स्वतः रांगेत. नळकाका टाकीच्या काठावर बसून दर बादलीनंतर पाण्यात हात घालत होते आणि "अजून! अजून!" असं ओरडत होते. आयुष्यात इतका आनंद आपल्याला कधी झाला होता का, हे त्यांना आठवेना.

ड्रायव्हर शर्टाच्या बाह्या दुमडत रांगेकडे निघाला. पाळकसाहेबांनी त्याला अडवलं.

"तुम्ही बसा."

"असं कसं, साहेब? माझ्यापायी सगळे राबताहेत. निदान दोन बादल्या..."

"तुम्ही बसा," पाळकसाहेब हसून पुन्हा म्हणाले.

त्याने मदतीच्या आशेने नळकाकांकडे पाहिलं. नळकाका काठावरून ओरडले, "आज तुला एकच काम आहे! काही न करण्याचं! जमतंय का बघ!"

सिस्टरबाईंनी त्याचा दंड धरून त्याला तिसऱ्या बाकावर, खिडकीपाशी नेऊन बसवलं. ती जागा कुणाची होती ते त्याला सांगावं लागलं नाही. तो आक्रसून बसला. समोरून बादल्या जात होत्या, आणि हातांचं काय करावं ते त्याला समजेना. मांडीवर ठेवले, बाकाखाली घेतले, शेवटी एकमेकांत अडकवले. पाळकबाईंनी चहा आणून त्या हातांत दिला. त्याने कपाकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं आणि प्यायला. मग कप विसळायला उठला, तर सिस्टरबाईंनी तो काढून घेतला. "बसायला सांगितलंय ना?"

तो बसला. खिडकीतून वाऱ्याचा झोत आला तसं त्याने अंग चोरलं.

"ही खिडकी अडकलीय का हो?" त्याने विचारलं. "बाहेरून बघतो तेव्हा उघडीच असते. नळोबाला सांगा, तेल घालून देईल."

"अडकली नाहीये," सिस्टरबाई म्हणाल्या. "तुमच्या पत्नी उघडायच्या. तुम्हाला ऐकू यावं म्हणून. त्या गेल्या, मग आम्ही उघडायला लागलो. जो आधी येईल तो उघडतो."

"माझ्यासाठी?"

"मग काय माशांसाठी? मामा तर मफलर गुंडाळून बसतात. थंडीत गाणाऱ्यांचे घसे बसतात."

"थंडीतसुद्धा? सगळ्या हिवाळ्यांत?"

"तुम्ही बाहेर बसत होतात ना सगळ्या हिवाळ्यांत?" सिस्टरबाई सहज म्हणाल्या आणि पुढची बादली घ्यायला गेल्या.

नळकाकांनी टाकीच्या काठावरून पाहिलं तेव्हा ड्रायव्हर दोन्ही हातांत तोंड लपवून बसला होता. हे त्याला आज फेडता येणार नव्हतं, उद्याही नाही. ना रंग देऊन, ना शटर सरळ करून. नळकाका उठून त्याच्याकडे जाणार होते, पण गेले नाहीत. रडू दे त्याला, ते मनाशी म्हणाले, आणि स्वतःही पाण्यात हात घालून रडले.

"झालं!" थोड्या वेळाने ते गरजले. "कोमट! अगदी बाळाच्या आंघोळीसारखं!"

पाळकसाहेब आधी उतरले आणि त्यांच्या गुडघ्यांनी पहिल्यांदाच काही तक्रार केली नाही. मग ड्रायव्हर उतरला. ओल्या झालेल्या, दमलेल्या, हाश्शहुश्श करणाऱ्या मंडळीने श्वास रोखला. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने पाळकसाहेबांनी त्याला पाण्याखाली नेलं. टाळू दिसेनाशी झाली. आणि तो वर आला तेव्हा असा गजर उठला की अंगणातल्या झाडावरचे पक्षी उडाले. नळकाका टॉवेल घेऊन तयारच होते. ड्रायव्हर टॉवेल घेत म्हणाला, "नळोबा, उद्या सकाळी तुझी गाडी..." आणि मध्येच थांबला. मग टॉवेल तोंडावर दाबून नुसतंच म्हणाला, "बरं वाटलं रे."

कपडे बदलून तो पुन्हा तिसऱ्या बाकावर आला. शेवटचं गीत सुरू झालं होतं. त्याने खिडकीतून बाहेर पाहिलं. भिंतीला लागून व्हॅन उभी होती, पुढच्या दोन्ही सीटा रिकाम्या. मागच्या बाकावर टेलरमामांना शिंक आली.

ड्रायव्हर उठला, खिडकीचं दार दोन्ही हातांनी ओढलं आणि लावून घेतलं. उपासना चालू असताना पहिल्यांदाच मिटणारी बिजागरी केवढ्याने तरी करकरली. कुणी गाणं थांबवलं नाही. कडी घालून तो खाली बसला, शेजारी नळकाकांनी गीताच्या पुस्तकाचं पान पुढे केलं, पण त्याची गरज नव्हती. त्याला सगळी गीतं पाठ होती.